नको कोण म्हणालं

लेक एकोणीस वर्षांची, स्वमग्न. आई घरीच शर्ट शिवायची. काजं करायचं काम लेकीनं हातात घेतल्यापासून एकाही शर्टाची तक्रार आली नव्हती.

तिची विशेष शाळा संपायला महिना राहिला होता. शाळेतल्या बाईंनी खटपट करून इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं, चादरींच्या घड्या घालायचं. बस कुठली, गोंगाट असह्य झाला तर कुठल्या खोलीत जाऊन बसायचं, सगळं त्या ठरवून आल्या होत्या. सहीसाठी त्यांनी दोघींना बोलावलं.

"तिची तयारी नाही हो, बाई," आई म्हणाली. "किती समजावलं, पण नकोच म्हणते."

लेक खिडकीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "मी नको म्हटलं नाही. आईनं विचारलंच नाही. ती फोनवर मावशीला म्हणाली, ही गेली तर काजं कोण करणार."

आईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यावर गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती कसनुसं हसत म्हणाली, "तिचं काय मनावर घेता, तिला कुठे काय कळतं."

"मला कळतं," लेक म्हणाली.

बाईंनी आईपुढचा कागद उचलून लेकीपुढे ठेवला. तिनं ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं, सुट्टी कधी ते विचारलं आणि सही केली. मग पेन आईला दिलं.

परतताना आईला मान वर करवेना. लेकीनं विचारलं, "माझ्या नावानं आणखी कशाला नको म्हणालीस?"

'कशालाच नाही' असं आईनं म्हटलं असतं, तरी लेकीनं विश्वास ठेवला असता.

"मागच्या वर्षी बेकरीत शिकायला बोलावलं होतं तुला," आई म्हणाली. "मी पत्र फाडून टाकलं."

"मला बेकरी आवडली असती."

"हो गं. माहीत होतं मला."

लेक झपाझप पुढे निघून गेली. आईनं तिला गाठायचा प्रयत्न केला नाही.

शाळा संपल्यावरच्या सोमवारी लेक एकटी बसनं कामावर गेली. आईनं काजं करायला घेतली. दोनदा उसवावी लागली. दुपारी गिऱ्हाईक आलं. काजांकडे बघून त्यानं विचारलं, "मुलीला बरं नाही का?"

"बरी आहे. कामाला लागली. मीच जाऊ देत नव्हते."

गिऱ्हाईक ओशाळून निघून गेलं. सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं आईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

सहाला लेक आली. "तिथे फार उकडतं. मला बिनबाह्यांचा शर्ट हवा."

आईनं टेप उचलली, मग तिथेच थांबून विचारलं, "माप घेऊ?"

"वहीत आहे की," लेक म्हणाली आणि हात धुवायला गेली.