कनेक्शन कमल चौधरीच्या नावावर

१९९९ साली कमल चौधरी जळगावच्या एका खासगी संगणक संस्थेत शिकवायची. संस्थेत कॉम्प्युटर दहा, फोनची लाइन मात्र एकच. तीन आठवडे खपून तिने लिनक्सच्या मशीनला मॉडेम जोडला आणि त्या एका लाइनवरून दहाही मशीनवर इंटरनेट आणलं. संचालक रुपचंद सरांना फॉर्म भरायचाही कंटाळा, म्हणून कनेक्शन तिच्याच नावावर घेतलेलं.

उद्घाटनाला सर माइकवर म्हणाले, "हे सगळं मी स्वतः जोडलंय." कमलच्या हातात पाहुण्यांना द्यायच्या नारळांचं ताट होतं. दुसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "सर, माझं नाव?" आठवड्याच्या आत तिची धुळ्याच्या शाखेत बदली झाली. पिंप्राळ्याच्या तिच्या घरून एसटीने रोज जाऊन-येऊन पाच तास.

ती धुळ्याला रुजू झाली. जळगावच्या संस्थेत नवे प्रवेश सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मात्र तिने कनेक्शनवाल्यांना फोन करून पासवर्ड बदलून घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराला धुळ्याच्या शाखेतला शिपाई चिंधा आबा धावत आला. "मॅडम, जळगावना फोन शे. साहेब भलती घाई करी ऱ्हायनात!"

"कमल, इंटरनेट लागत नाही! साठ पालक बसलेत इथे."

"टेबलाखाली मॉडेमची वायर आहे, सर. काढून परत लावा."

वायर ठीक आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मॉडेम चालवायचा तर फोन ठेवावा लागे. सर फोन ठेवत, टेबलाखाली शिरत आणि पुन्हा धुळ्याला फोन लावत. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा ते धापा टाकत होते.

"आता काय करू?"

"हे कुणी जोडलं, ते पालकांना सांगा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग ठेवते."

"थांब!" मग दबक्या आवाजात ऐकू आलं, "हे... चौधरी मॅडमनी केलंय."

"मला ऐकू आलं नाही, सर."

दुसऱ्यांदा ते ओरडलेच. मागे कुणीतरी हसलं. कमलने एकेक अक्षर सावकाश उच्चारत पासवर्ड सांगितला.

तिसऱ्या दिवशी तिला कामावरून काढल्याचं पत्र आलं. तिने ते वाचलं, कनेक्शन बंद करायला सांगितलं आणि पोटभर जेवली.

त्या पालकांत जामनेरच्या एका शाळेचे चालक हिलाल नाना होते. पंधरा दिवसांनी त्यांनी तिला बोलावून घेतलं. "पोरी, ते तूच जोडलं होतंस ना?"

जामनेरला त्यांच्या शाळेत रुजू झाल्यावर तिला कळलं, जळगावची ती दहा मशीनं महिनाभर इंटरनेटविना नुसती पडून आहेत. तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.