बेहडपाड्यात एसटी अवतरली

सहादू गावित बातमी आधी लिहायचा आणि ती नंतर घडायची. यात त्याला काही वावगं वाटत नसे. पेठच्या स्टँडजवळ शिलाई मशीन टाकून बसणारा हा माणूस नाशिकच्या एका दैनिकाचा वार्ताहर होता. त्याचं बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीनं नाशिकला जायचं आणि तालुक्यातले कार्यक्रम नेमके दुपारनंतर व्हायचे. मग करायचं काय? सकाळीच 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' असं लिहायचं आणि पाकीट ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. मान्यवर तेच, हार तेच, भाषणंही तीच. एखादं भाषण कमीजास्त झालंच, तर वक्त्यांना स्वतः केलेल्यापेक्षा छापलेलं जास्त आवडायचं.

२००५ साली त्या दैनिकानं जुन्या मथळ्यांचं प्रदर्शन भरवलं. सहादूला निरोप आला की तुमचा बेहडपाड्याचा मथळा भिंतीवर लावलाय, जरूर या. सहादूची छाती फुगली. तो तडक बेहडपाड्याला गेला आणि त्या मथळ्यात जिचं नाव होतं त्या भागीबाईला म्हणाला, "मावशी, नाशकात तुझा सत्कार हाय."

सत्काराबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण माणसाचं नाव भिंतीवर लावतात ते मानासाठीच, असं सहादू धरून चालला. त्यात जुनी सवय जाते कुठे? निघायच्या आधीच त्यानं 'भागीबाईंचा नाशिकमध्ये सत्कार' ही बातमी फॅक्सनं पाठवूनही दिली. भागीबाई नवं लुगडं नेसून बेहडपाड्याच्या एसटीत खिडकीशी बसली आणि वाटेत ज्यानं विचारलं त्याला, ज्यानं नाही विचारलं त्यालाही, कुठे चाललोय ते सांगत आली.

तो मथळा १९९४ सालचा. त्याआधी बेहडपाड्याला गाडी नव्हती. आजारी माणूस डोलीत घालून डोंगराखाली न्यावा लागायचा. भागीबाईची सून बाळंतपणाला अशीच नेली होती. पोर वाचलं, पण त्या वाटेनं भागीबाईच्या मनात कायमचं घर केलं. तिनं एसटीसाठी इतके हेलपाटे घातले, की शेवटी गाडी मंजूर झाली तेव्हा ओवाळायचा मान तिचाच, यावर पाड्यात दुमत नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी सहादूनं रीतसर सकाळीच बातमी लिहून धाडली. पाकीट सावळघाट उतरून गेलं आणि त्यानंतर घाटात बांबूचा ट्रक आडवा झाला. हार घातलेली एसटी आणि पाहुण्यांची जीप, दोन्ही तिथूनच माघारी फिरल्या. पेठचे फोन त्या दिवशी बंद होते. इकडे पाड्यात पावरी फुंकून फुंकून वाजवणारा दमला, निरांजनातलं तेल संपलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, 'बेहडपाड्यात एसटी अवतरली, भागीबाईंनी ओवाळले'. मथळा दिला होता मीनाताईंनी. त्या नाशिकच्या कचेरीत उपसंपादक होत्या आणि बेहडपाडा त्यांनी नकाशातही पाहिला नव्हता.

पाड्यानं सहादूला असं फैलावर घेतलं की त्याची तिकडे फिरकायची हिंमत होईना. एसटीही येईना, कारण पाहुण्यांना पुढची तारीख मिळेना आणि उद्घाटनाशिवाय गाडी सोडायची कशी? तेव्हा भागीबाई तो पेपर आणि ओवाळणीचं ताट घेऊन पायी पेठच्या स्टँडवर गेली आणि तिथल्या साहेबासमोर बसली.

"उद्घाटन झालंय," ती म्हणाली. "पेपरात हाय. मी ओवाळलं, पाव्हण्यानं भाषण केलं. आता वाट कुणाची बघता? गाडी सोडा."

साहेबांनी बातमी दोनदा वाचली. तोवर नाशिकच्या मोठ्या साहेबांनीही ती वाचून पेठच्या साहेबांचं अभिनंदन केलेलं होतं आणि त्यांनी ते स्वीकारलेलंही होतं. पाहुण्यांना तर आपलं छापलेलं भाषण इतकं पसंत पडलं होतं, की ते झालंच नाही असं म्हणायला ते तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. भागीबाईनं खरोखरीचं ओवाळलं आणि सहादूला पाड्यात पुन्हा चहा मिळू लागला.

एवढा मानाचा मथळा! नाशकात सहादू भागीबाईला घेऊन ऐटीत प्रदर्शनात शिरला आणि जागीच थबकला. भिंतीवर पाटी होती, 'आमचे फसलेले मथळे'. एका चौकटीत 'सायखेड्यात टोमॅटो फुकट' होतं. ते वाचून नाशिककर पिशव्या घेऊन लोटले होते आणि रागाच्या भरात तसं बोलून गेलेला शेतकरी उसात लपला होता. शेजारी 'वणीच्या वाटेवर बिबट्या'. बिबट्या निघालाच नाही, पण धास्तीनं एकमेकांना धरून चाललेल्या यात्रेकरूंत दोन सोयरिकी जमल्या होत्या. आणि तिसरा बेहडपाडा. खाली टीप होती, 'प्रत्यक्षात त्या दिवशी एसटी गेलीच नाही'. लोक वाचत होते आणि पोट धरून हसत होते.

भागीबाईला अक्षर येत नव्हतं. "का हासत्यात रं?" तिनं विचारलं.

काहीतरी थाप मारून तिला बाहेर न्यावं असं सहादूला क्षणभर वाटलं. पण त्या लुगड्याची घडी अजून मोडली नव्हती, आणि तिच्याशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. "मावशी, ही फसलेल्या बातम्यांची भिंत हाय," तो म्हणाला. "सत्काराचं मीच मनानं लिवलं." लाजेनं त्याला मान वर करवेना.

भागीबाई गर्दीतून वाट काढत चौकटीपाशी गेली. तिनं कनवटीची गाठ सोडली, आतून एसटीचं तिकीट काढलं आणि भिंतीवर धरलं.

"त्या दिशी नव्हती आली," ती म्हणाली. "मग आज मी कशात बसून आले? हे लावा हिथं."

हसणं थांबलं. मीनाताई पुढे आल्या, त्यांनी तिकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि स्वतःच्या हातानं चौकटीखाली चिकटवलं. मग ती पाटीही उतरवली. प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे अजून यायचे होते. त्यांच्यासाठी आणलेली शाल आणि नारळ टेबलावर तयार होते. मीनाताईंनी ती शाल भागीबाईच्या खांद्यावर घातली, नारळ तिच्या हाती दिला आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. सहादूच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी न ठरवलेल्या कार्यक्रमाची आपली बातमी अशी खरी झालेली त्याला आठवत नव्हती.

संध्याकाळी परतीच्या एसटीत भागीबाई शाल पांघरून, नारळ मांडीत घेऊन बसली होती. घाट चढून गाडी वर आली तेव्हा तिनं सहादूला कोपरानं ढोसलं.

"आता दवाखान्याची लिव," ती म्हणाली. "पाड्यात दवाखाना झाला म्हणून. ओवाळायला मी हाय अजून."