ओर्वालच्या सुनांची पेटी

मित्रांनो, दचकू नका. ही ठकठक माझीच आहे. मी एक जुनी पेटी, अक्रोडाच्या लाकडाची, ओर्वालच्या गढीत वरच्या मजल्यावर भिंतीशी बसलेली. आज या घराची सून गिलमेट बाळंतपणात अडली आहे. मला बोलता येत नाही, म्हणून फळ्या वाजवते आहे.

माझा जन्म डोंगरापलीकडचा. ब्रुनिसांदच्या वडिलांनी तिच्या लग्नासाठी मला करवून घेतलं. सुताराने झाकणावर दोन पक्षी कोरले, त्यातल्या एकाची चोच वाकडीच झाली. खेचराच्या पाठीवरून खिंड ओलांडून मी तिच्याबरोबर सासरी आले. माझ्यात तागाच्या चादरी होत्या, आणि अगदी तळाशी तिचं कफन. नवल वाटलं ना? आमच्याकडे आई लेकीला सगळंच शिवून देते, शेवटचंही.

सोळा वर्षांची पोर ती! ती गढीची मालकीण झाली खरी, पण तिची बोली तिथे कुणाला धड कळत नसे. चादर काढायच्या निमित्ताने ती माझ्यात डोकं घालायची आणि पोटभर बोलून घ्यायची. तिचा आवाज माझ्या लाकडात मुरला.

सासूचा, नवाराबाईंचा, तिच्यावर फार जीव होता. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा रिवाजाप्रमाणे गढीतलं प्रत्येक कुलूप उघडलं, बायकांच्या वेण्यासुद्धा सोडल्या. एक जरी कुलूप बंद राहिलं तर बाळाची वाट अडते, असं सगळे मानतात. मीही उघडीच होते. पण चादर काढताना नवाराबाईंच्या हाती ते कफन लागलं. पोरीची नजर त्यावर पडू नये म्हणून त्यांनी घाईने झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि धावपळीत विसरून गेल्या.

ब्रुनिसांद गेली. बाळही गेलं. कफन काढायला नवाराबाई आल्या, किल्ली फिरवली, आणि कुलपाचा 'खट्' आवाज ऐकला तेव्हा त्यांना उमगलं: ही पेटी बंदच राहिली होती. मग कफन काढून त्यांनी मला पुन्हा बंद केलं, किल्ली कमरेला लावली आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

दोन वर्षांनी दुसरी सून आली, मिरामोंद. जिभेला भलतीच धार!

"धाकट्या बाईसाहेब, त्या पेटीवर बसू नका. वारलेल्या थोरल्या सूनबाई आत आहेत," दासी कुजबुजली.

"मग त्यांना म्हणावं जरा सरका, मलाही थंडी वाजतेय."

पण एकटी असली की तिलाही माझी ठकठक ऐकू यायची आणि तिचा चेहरा उतरायचा. ते लाकूड होतं की ब्रुनिसांद, खरं सांगते, माझं मलाही कळलं नाही.

तिची वेळ आली, ती दोन दिवस अडली. पेरोन सुईण बाह्या सावरत बाहेर आली. "बाईसाहेब, कुठलं कुलूप राहिलंय?"

"एकही नाही," नवाराबाई म्हणाल्या.

"मग ही पेटी?"

"ती माझ्या सुनेची आहे."

"अन् आत कण्हतेय ती कोण, शेजारीण?" पेरोन कडाडली.

नवाराबाईंनी किल्ली घातली. ती फिरेना, आतलं सगळं गंजलेलं. तेव्हा त्या स्वतः सरपणाची कुऱ्हाड घेऊन आल्या. अगं आई गं, तो घाव! कुलूप उडालं तशा त्या माझ्यात डोकं घालून हमसून रडल्या. "पोरी, मीच बंद केलं होतं गं, मीच!" पलीकडच्या खोलीत बाळ रडलं. ब्रुनिसांदने शिवलेलं दुपटं माझ्यात तसंच होतं, त्यातच त्याला गुंडाळलं. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या फळ्या गप्प होत्या.

ते बाळ आज गढीचा धनी आहे, गिलमेट त्याची बायको. नवाराबाई केव्हाच गेल्या. मिरामोंद म्हातारी झाली. तिने मला मेण लावलं, मायेने पुसलं, कधी बंद केलं नाही. पण आता तिला काही आठवत नाही. मागच्या महिन्यात तिने आपलं कफन शिवून माझ्यात ठेवलं. "सुनेच्या नजरेला नको पडायला," असं पुटपुटत परगावच्या लोहाराकडून नवं कुलूप बसवून घेतलं आणि लावून टाकलं. माझा तर जीवच उडाला.

आज सगळी दारं उघडी आहेत. मिरामोंद काठी टेकत खोल्याखोल्यांतून फिरते आहे. "अगं, कुठलं कुलूप राहिलंय? शोधा गं!" दासी मला वगळून पुढे जातात. या पेटीचं कुलूप तर कधीच तुटलं, हे साऱ्या गढीला ठाऊक आहे ना!

मित्रांनो, मायेपोटी लावलेलं कुलूप माणूस सगळ्यांत आधी विसरतो. म्हणून जुन्या वस्तू नुसत्या पुसू नका, उघडूनही बघत जा. पण ते राहू द्या नंतर. बाहेर पाऊस आहे, लाकूड फुगलं आहे, अशा वेळी ते वाजत नाही. तरी मी वाजते आहे, आणि आतून ठोकणारे हात या वेळी चार आहेत, ब्रुनिसांदचे अन् नवाराबाईंचे. तुमच्यापैकी कुणाचा आवाज तिच्यापर्यंत पोचत असेल तर ओरडून सांगा: मिरामोंदबाई, किल्ली तुमच्याच कमरेला आहे!