खालची चिठ्ठी आधी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवं व्हावं, मधूनमधून उसासे टाकावेत, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. उसासे मलाही येतात. पण आधी जे झालं ते ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोडक्या कपाटातून झाला. हे कपाट एका प्राथमिक शाळेच्या कार्यालयात होतं. बिजागऱ्या निखळल्यावर त्याचं दार मागच्या बाजूला पडून राहिलं होतं. एकदा बाकं दुरुस्त करायला सुतार आला, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला ते दार दाखवलं.

"याची एक पेटी होईल का?"

"होईल की. पण फळी अरुंद आहे. पेटीचं पोट बारीक राहील."

"राहू दे. चिठ्ठ्याच तर टाकायच्या आहेत."

म्हणून मी अशी उभट आणि सडपातळ झाले. माझ्यात टाकलेली चिठ्ठी सरळ तळाशी जाऊन आडवी बसते. पुढची तिच्यावर बसते. मला फाटकाला लागून असलेल्या व्हरांड्याच्या भिंतीवर टांगलं, तेही दुसरीतल्या मुलांचा हात पोचेल इतक्या खाली. फाटक बंद असलं तरी गजांमधून हात घालून चिठ्ठी टाकता येते. मोठ्या माणसांना मात्र माझ्यापाशी आलं की कमरेत वाकावं लागतं. शाळेत मोठ्यांना वाकायला लावणारी मी एकटीच, याचा मला भलताच तोरा होता.

बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांना शब्द दिला होता. "या पेटीत पडलेली एकही चिठ्ठी वाचल्याशिवाय राहणार नाही. दर शनिवारी मी वाचीन आणि सोमवारी उत्तर देईन." आणि हा शब्द त्यांनी सात वर्षं पाळला. शनिवारी शाळा सुटली की शिपाईकाका किल्ली घेऊन यायचे, माझं झाकण उघडायचे, चिठ्ठ्यांची थप्पी जशीच्या तशी काढायचे आणि बाईंच्या टेबलावर पालथी घालायचे. दर वेळी तेच म्हणायचे, "खालची चिठ्ठी आधी. बिचारी सोमवारपासून थांबलीय." बाई वरून वाचत जायच्या. सगळ्यांत आधी आलेलं मूल सगळ्यांत आधी वाचलं जायचं. ही व्यवस्था काकांची होती. बाईंना त्यात डोकं घालावं लागत नव्हतं.

काय काय यायचं माझ्याकडे. "नळाला गरम पाणी येतं." "चौथीची मुलं झोपाळा सोडत नाहीत." "शिपाईकाका शिट्टी फार जोरात वाजवतात." ही शेवटची चिठ्ठी काकांनीच थप्पीतून काढून दिली होती. सोमवारी बाईंनी ती सर्वांसमोर वाचली आणि काका आठवडाभर अगदी हळू शिट्टी वाजवत होते. एका पठ्ठ्याने तर आपला पडलेला दात टाकला होता. त्यालाही उत्तर मिळालं.

आता भिंगरीबद्दल सांगते. हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिची आई रुग्णालयातल्या धुलाईघरात कामाला होती. भिंगरी पहिलीपासून दर आठवड्याला चिठ्ठी टाकायची, पण तिला लिहिता येत नव्हतं. ती चित्र काढायची. गळका नळ, पाय मोडलेलं बाक, रडणारी मैत्रीण. बाईंना ते बरोबर कळायचं. "आमची चित्रवाली काय म्हणते बघू," असं म्हणून त्या तिची चिठ्ठी उलगडायच्या. वर्गातली बाकीची मुलं लिहायला लागली तरी ही चित्रंच काढत होती. अक्षरांशी तिचं काही केल्या जमत नव्हतं. दुसरीच्या बाई तिला ती पहिलीत असल्यापासूनच रोज मधल्या सुट्टीत शेजारी बसवून घ्यायच्या आणि तिचं बोट धरून एकेक अक्षर गिरवून घ्यायच्या. दीड वर्ष लागलं.

आणि मग साथ आली.

आधी बातम्या आल्या, मग मास्क आले, मग शिक्षण खात्याचं एक पत्र आलं. छोट्यांचे वर्ग बंद ठेवायचे की चालू, हे प्रत्येक शाळेने पालकांना विचारून ठरवावं, असं त्यात होतं. गुरुवारी सभा झाली. ज्याने त्याने 'बंद' किंवा 'चालू' असं लिहून माझ्यात टाकायचं ठरलं. मला रिकामं करून टेबलावर ठेवलं होतं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि मी मूर्ख, फुगून गेले होते.

सभेत भांडण झालं नाही. सगळे घाबरलेले होते. एक वडील म्हणाले, "मुलांना काही होत नाही म्हणतात. पण ती आजार घरी आणतील. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत." दुसरीच्या बाई म्हणाल्या, "ही मुलं लहान आहेत हो. यांचं शिकणं अजून ओलं आहे. आत्ता सोडलं तर पुसलं जाईल." त्यावर भिंगरीची आई उभी राहिली. ती थेट कामावरून आली होती. "बाई, तुमचं पटतंय मला. पण मी रोज तिथल्या चादरी धुते. मी बघितलंय. बंद करा."

मोठ्या बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा इथेच बसू आणि पुन्हा विचारू." मतं मोजली. 'बंद' जिंकलं. मित्रांनो, मी त्या दिवशी कुणावरही रागावले नव्हते. भीती खरी होती, आणि पंधरा दिवस म्हणजे काही फार नाही.

शुक्रवार शेवटचा दिवस होता. मला पुन्हा भिंतीवर टांगलं होतं. शाळा सुटताना भिंगरी धावत आली आणि तिने चिठ्ठी टाकली. पडताना मला कळलं की आज चित्र नाही. सुबक, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, "बाई, मी आज एकटीने अख्खी गोष्ट वाचली. मला आता मोठं पुस्तक द्या. भिंगरी." तिच्या आयुष्यातली ती पहिली लिहिलेली चिठ्ठी. शनिवार कधी उजाडतो असं मला झालं होतं.

शनिवारी कुणी आलं नाही.

पंधरा दिवस गेले. पुन्हा बसायचं ठरलं होतं, कुणी बसलं नाही. महिना गेला. मला कुणी काही विचारलं नाही. समोरचा रस्ता मला फाटकातून दिसतो. काही महिन्यांनी दुकानं उघडली. मग केशकर्तनालय उघडलं, मग कोपऱ्यावरचं हॉटेल. लोक एकमेकांना खेटून चहा पिऊ लागले. फाटकाचं कुलूप मात्र तसंच. मोठी माणसं हळूहळू आपापली दारं उघडत होती आणि लहानांचं दार कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

भिंगरी मात्र यायची. आई कामावर जाताना तिला मावशीकडे सोडायची आणि वाट शाळेवरून जायची. घरात फोन एकच, आणि तो आईबरोबर कामावर जायचा, त्यामुळे फोनवरच्या तासांना भिंगरी कधी बसलीच नाही. ती गजांमधून हात घालून चिठ्ठी टाकायची. आई म्हणायची, "चल गं, उशीर होतोय. आत कुणी नाहीये." भिंगरी म्हणायची, "बाई शनिवारी वाचतात."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सुरुवातीला शिपाईकाका झाडलोट करायला एकटेच येत होते. माझ्यावरची धूळ पुसताना त्यांनी मला हलवून बघितलं आणि तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. "बाई, पेटीत चिठ्ठ्या पडतायत. किल्ली तुमच्याकडे आहे." पलीकडून बाई काय म्हणाल्या ते काकांनी स्वतःशीच पुन्हा म्हटलं, "उघडल्यावर बघू. बरं." पुढच्या महिन्यात काका आजारी पडले. ते परत आले नाहीत. माझी धूळ त्यानंतर कुणी पुसली नाही.

आता जे सांगते ते फक्त मला माहीत आहे. भिंगरीच्या चिठ्ठ्या बदलत गेल्या. आधी दोन ओळी असायच्या, मग एक झाली. मग जोडाक्षरं सुटली. मग काना मात्रा गळाले. काही अक्षरं उलटी पडू लागली. एकदा नुसतं "बाइ शाला" एवढंच होतं. मग नुसतं "भि". आणि मग पुन्हा चित्रं आली. शेवटच्या चिठ्ठीत एक दार होतं आणि दाराबाहेर एक मुलगी. दीड वर्षात आलेलं सगळं माझ्या पोटात थराथराने उतरत गेलं, आणि मी काही करू शकले नाही. नंतर तिने यायचंच सोडलं.

दीड वर्षाने शाळा उघडली. भिंगरी दुसरीतून थेट चौथीत बसली. आठ दिवस झाले नाहीत तोच आजार पुन्हा वाढला, पुन्हा पत्र आलं आणि पुन्हा सभा ठरली. सभेसाठी मला रिकामं करायला मोठ्या बाई स्वतः आल्या. वाकल्या, झाकण उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. वरून. एकेक चिठ्ठी वाचून मागे सरकवत गेल्या. आधी चित्रं, मग एक अक्षर, मग चुकतमाकत शब्द, मग ओळी, आणि सगळ्यांत शेवटी तळाची ती सुंदर चिठ्ठी. बाईंचे डोळे भरून आले. त्यांना चित्रवाली आठवली. बंद शाळेच्या काळात ती घरबसल्या लिहायला शिकली, असं त्यांना वाटलं.

मी पेटी आहे. मला तोंड आहे पण ते फक्त आत घेण्यासाठी. मी ओरडले असते, "बाई, उलटं. उलटं वाचलंत." शिपाईकाका असते तर त्यांनी थप्पी पालथी घातली असती. बाईंना दुष्ट म्हणवत नाही मला. काका गेल्यापासून त्या रात्रंदिवस स्वतःला दोष देत होत्या. आणखी एक माणूस गमावायचं त्यांच्यात बळ नव्हतं. त्यांना जे दिसायला हवं होतं तेच त्यांना दिसलं.

सभेत त्यांनी त्या चिठ्ठ्या एकेक करून उंच धरून दाखवल्या. "आपण उगाच घाबरतो. लहान मुलं घरीसुद्धा शिकतात. हा बघा पुरावा." पालकांच्या चेहऱ्यावर सुटकेची भावना पसरली. ज्यांनी मागच्या वेळी 'बंद' लिहिलं होतं त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. भिंगरी आईच्या शेजारी उभी होती. बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि तळाची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"तूच वाचून दाखव सगळ्यांना."

भिंगरीने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. वर्गात ती इतरांच्या आवाजात आवाज मिसळून वाचल्यासारखं करत होती, त्यामुळे आठ दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथे आवाज मिसळायला कुणी नव्हतं.

"मला नाही येत."

"असं कसं? तूच लिहिलंयस ना हे?"

"हो," ती म्हणाली. "शाळा होती तेव्हा. तेव्हा मला येत होतं."

बाईंनी हातातल्या बाकीच्या चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि त्या खाली बसल्या. भिंगरीची आई म्हणाली, "मागच्या वेळी मीच बंद करा म्हटलं होतं. पंधरा दिवस म्हणालात म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटेल, आता सगळ्यांनी 'चालू' लिहिलं असेल. मलाही वाटलं होतं. मतं पडली आणि 'बंद' पाच मतांनी जिंकलं. सगळं डोळ्यांसमोर बघून, ऐकून जिंकलं. बाईंनी दर शनिवारी येऊन पेटी उघडायचं कबूल केलं. दोन शनिवार आल्या. तिसऱ्यापासून नाही. तसंही आत काही नव्हतं.

त्या सभेतून जाताना भिंगरी माझ्यासमोरून गेली आणि तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोठ्यांनी मला दगा दिला असं मी सगळ्यांना सांगत असते. पण तिच्या लेखी दगा देणारी मीच आहे. तिचा विश्वास बाईंवर नंतर, आधी माझ्यावर होता. ती माझ्या तोंडात चिठ्ठ्या घालत होती आणि मी नुसत्या गिळत होते.

आता शाळा पुन्हा उघडली आहे. मुलांच्या स्वागतासाठी मला पिवळाजर्द रंग दिला आहे. लोक म्हणतात, पेटी किती छान दिसते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कधीतरी पुन्हा साथ येईल आणि शाळा बंद करायची का, हे तुम्हाला कुणीतरी विचारेल. कदाचित बंद करावी लागेलही. मला त्यातलं सगळं कळत नाही, मी लाकूड आहे. पण पंधरा दिवस म्हणालात तर सोळाव्या दिवशी परत या. ज्यांना मत नाही त्यांनी आत काय टाकलंय ते उघडून बघा, आणि कुणाची चिठ्ठी आधीची, हे विचारून घ्या.

आणि मला रंग देऊ नका. भिंगरी आता चौथीत मागच्या बाकावर बसते आणि पुस्तक उघडं धरून ओठ हलवते. तिच्या शेजारी जाऊन बसा.