एकतीस इंच

सायकलच्या सीटखालच्या दांडीवरची पांढरी रेघ सुतळीएवढीही जाड नव्हती, आणि त्या रेघेवर बेतून बसवलेली सीट – काळी, कोरी, तिच्या कमरेच्याही वर – अशी काही ऐटीत उभी होती की या, हिंमत असेल तर चढा. ती तिसऱ्यांदा चढली. उजवा पाय पेडलवर पोचला, डावा चवड्यावर कसाबसा टेकला, पेडल खाली गेलं तसं पाऊल हवेतच राहिलं, आणि अंगणातल्या दहा पावलांच्या फरशीवर सत्तावन्न वर्षांच्या बाईने भिंत धरली.

"अगं, स्टूल देऊ का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही चहा प्या."

तो चहा प्यायला लागला. वाईट माणूस नव्हता; फक्त तीस वर्षांत त्याला बायकोच्या कुठल्याही गोष्टीची काळजी आधी विनोदातून करायची सवय लागली होती, आणि आता विनोद कुठे संपतो नि काळजी कुठे सुरू होते ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सायकल मात्र देखणी झाली होती. ना शर्यतीची, ना ओझ्याची, दोहोंच्या मधली – हायब्रिड म्हणतात हिला, ती मापाने बांधून देणारा मिस्त्री म्हणाला होता – सांगाडा हलका, टायर जरा रुंद, मनगटं दुखतात म्हणून हँडल चार बोटं वर घेतलेलं, मागे कापडाचे गठ्ठे राहतील असं भक्कम कॅरिअर, आणि रंग बाटलीसारखा हिरवा, तिनेच निवडलेला. महिनाभर ती रोज मिस्त्रीच्या दुकानावरून वाट वाकडी करून जात होती. कुणी विचारलं असतं तर व्यायाम म्हणून सांगितलं असतं, डॉक्टरांचं नाव पुढे केलं असतं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तिला तळ्यापर्यंत जायचं होतं. शहर संपलं की दोन्ही बाजूंना झाडं लागायची, मग उतार, मग एकदम पाणी... चोविसाव्या वर्षी ती दर रविवारी तिथे जायची, आणि त्या रस्त्यावर जी मुलगी होती – कुणाला न विचारता निघणारी, केस उडवत जाणारी – ती तिला परत हवी होती. बाकीचं सगळं मिळालं होतं. तीच तेवढी कुठेतरी राहून गेली होती. आणि आता तिच्यासाठी बेतलेली सायकल समोर उभी होती, नि तिच्यावर बसता येत नव्हतं.

आपल्या शिवणाच्या दुकानात जाताना तिने सायकल ढकलत मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने तिला चढायला लावलं, हँडल धरून ठेवलं, पायांकडे पाहिलं आणि कानामागची पेन्सिल काढली. "ताई, दोन-अडीच इंच खाली घ्यावी लागेल."

"पण माप बरोबर दिलं होतं मी."

"तुम्ही दिलंत, मी घेतलं. मी म्हटलेलं, पायाची आतली लांबी एकदा मोजू या. तुम्ही म्हणालात, मी स्वतः टेलर आहे, मला माप विचारता?"

म्हणाली होती. आणि 'एकतीस' असं इतकं चटकन म्हणाली होती, जसं आपलं वय... नाही, वय सांगताना ती जरा थांबायची. एकतीस हा आकडा तिच्या जिभेवर होता, वर्षानुवर्षांचा; सायकल म्हटली की एकतीस.

"वय होतं हो ताई. माझी आई पण अशीच उंचीला कमी कमी होत गेली. त्यात काय? पाच मिनिटांचं काम आहे."

"आज नको," ती म्हणाली. अडीच इंचांसाठी परक्या माणसापुढे रडायचं म्हणजे अगदीच झालं, म्हणून तिने उगाचच घंटी वाजवून पाहिली.

"बरं. मी सहापर्यंत आहे."

रस्ताभर ती सायकल ढकलत चालली आणि रस्ताभर ते अडीच इंच तिच्याबरोबर चालले. केव्हा गेले? कुठल्या वर्षी? सासूच्या आजारपणात, की मुलीच्या परीक्षांत, की मशीनवर वाकून वाकून दर हंगामाला हजारभर गणवेश शिवताना – थोडे थोडे, दोऱ्यादोऱ्याने... सीट खाली घेतली की मान्य करायचं, की ती मुलगी गेली. मिस्त्रीला पाच मिनिटं लागतील. तिला ती पाच मिनिटं तिथे उभं राहवणार नव्हतं.

दुकान उघडलं, कात्री, खडू, टेप जागेवर ठेवले, तोवर दवाखान्यातली परिचारिका आली. तिला कामावरच्या दोन पँट हव्या होत्या. "काकू, माप आहे तुमच्याकडे मागचं. तेच चालेल."

"मागचं माप मागच्या कापडाबरोबर गेलं. उभी राहा."

हे ती प्रत्येकीला ऐकवायची. माप आठवणीतलं देऊ नये, अंगावरचं द्यावं. बायका कमरेत खोटं बोलतात आणि पुरुष छातीत. आज मात्र बोलताना तिला आपलंच हसू आलं. दिव्याखाली अंधार. परिचारिकेची कंबर दीड इंचाने वाढली होती, मांडी एकाने. मग गुडघ्यावर बसून तिने आतली लांबी घेतली – साडेएकोणतीस – आणि वहीत मागचं पान उलटलं. चार वर्षांपूर्वी साडेएकोणतीस. त्याआधी, नोकरीला लागली तेव्हा, साडेएकोणतीस.

परिचारिका गेली. ती वहीकडे पाहत राहिली.

चाळीस वर्षं ती हे काम करत होती. माणसं पाठीतून वाकतात, मानेतून आटतात, पोटातून सुटतात. तीच गिऱ्हाइकं तिने पोरवयापासून म्हातारपणापर्यंत कापडात बसवली होती, आणि वाढ संपलेल्या माणसाच्या पायाची आतली लांबी बदललेली तिने पाहिली नव्हती. पाय आटत नाहीत. तिने दार लोटलं, चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि स्वतःला टेप लावला. स्वतःचं माप घेणं भलतं अवघड – वाकलं की माप बिघडतं – म्हणून तीनदा घेतलं. साडेअठ्ठावीस. म्हणजे आज साडेअठ्ठावीस, तर चोविसाव्या वर्षीही साडेअठ्ठावीस. मग एकतीस...

एकतीस बगळीचं होतं.

शिवणाच्या वर्गात जोडीजोडीने मापं घ्यायची असत. आपण दुसरीचं घ्यायचं, मोठ्याने म्हणायचं, दुसरी आपलं. तोंडात राहतं ते आपलं नसतं. राहतं ते आपण उच्चारलेलं, समोरचीचं. ती गुडघ्यावर बसलेली, आणि वर ती उंचच उंच मुलगी, जिला सगळा वर्ग बगळी म्हणायचा, गुदगुल्या होतात म्हणून एका पायावर नाचत होती. एकतीस. नीट उभी राहा ना गं. एकतीस. पुढे दोघींनी एक खोली घेतली, दोघींत मिळून एक जुनी सायकल घेतली, तेव्हा सीट त्याच मापाने बसवली होती, कारण चालवायची बगळी.

चालवायची बगळी. ती दुकानातल्या स्टुलावर बसली. मग रविवारी आपण... झाडं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, ते खरं. पण समोर? समोर रस्ता नव्हताच. समोर चौकटीचा शर्ट होता, घामाने पाठीला चिकटलेला, आणि उडणारे केस – ते आपले नव्हते, ते आपल्या तोंडावर येत होते. ती कॅरिअरवर बसलेली असायची, एका बाजूला पाय सोडून, बगळीच्या कमरेला धरून. उतारावर बगळी पाय पसरून ओरडायची. निघू या, म्हणायचीही बगळीच. आपण नुसतं बरोबर असायचो, आणि किती सुखात असायचो. त्या रस्त्यावरची कुणाला न विचारता निघणारी मुलगी आपण कधी नव्हतोच.

एकदा मात्र बगळीने विचारलं होतं. दुसऱ्या गावात दोघींचं दुकान काढू, तू कापायचं, मी शिवायचं. तिने उत्तर दिलं, विचार करून सांगते. बगळी चार महिने थांबली, मग एकटीच गेली, जाताना म्हणाली, कळव हं. त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती आणि तिने कळवलं नव्हतं. नाही म्हणून कळवायला धीर झाला नाही, हो म्हणून कळवायलाही झाला नाही, आणि मग लग्न झालं, दुकान झालं, सगळं रीतसर झालं.

बाहेर सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिने दार उघडून पाहिलं. हँडल तिच्या मनगटांचं, रंग तिच्या आवडीचा, कॅरिअर तिच्या गठ्ठ्यांचं, आणि सीट... तिच्यावर बगळी या घटकेला येऊन बसली असती तर एक सूतही हलवावं लागलं नसतं. महिनाभर मिस्त्रीच्या मानेवर बसून तिने बगळीसाठी सायकल करवून घेतली होती आणि तिला स्वतःला पत्ता नव्हता.

मिस्त्रीचा फोन आला. "ताई, येताय ना? घेऊ ना सीट खाली?"

"सांगते," ती म्हणाली, आणि बत्तीस वर्षांपूर्वीचा तोच शब्द आपल्या तोंडून ऐकून तिने फोन ठेवून दिला.

इतकी वर्षं आपण आपल्यालाच हरवून बसलोय अशी तिची समजूत होती, आणि त्या दुःखात एक बरी सोय होती: आपण आपल्याला काही फोन करू शकत नाही. हळहळायचं आणि मशीनवर बसायचं. बगळी मात्र कुठेतरी होती. वर्गातल्या कुणीतरी सहज दिलेला तिचा नंबर फोनमध्ये दोन वर्षं पडून होता. तिला उचंबळून आलं, आणि सकाळी नव्हती ती भीतीही वाटली – हिला फोन करता येत होता.