मासे सोडा

चंद्रप्रकाश आमच्या तलाव समितीचा अध्यक्ष. ज्या बोर्डावर स्वतःचा फोटो नाही, तो या गृहस्थाला बोर्ड वाटतच नाही. भांडुपला टेकडीखाली आमचं तळं आहे. खपून खपून आम्ही त्यातली जलपर्णी उपसली, वर्षानुवर्षांचं निर्माल्य काढलं आणि रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं आणून टाकली. रविवारी सकाळी कुणीही यावं, गळ टाकून निवांत बसावं, एवढाच बेत होता. नियमाची पाटी मीच लिहून दिली, ‘वीतभराहून लहान मासे परत पाण्यात सोडा.’ बोर्ड तयार होऊन आला तेव्हा त्यावर हात जोडलेला चंद्रप्रकाश होता आणि उरलेल्या जागेत दोनच शब्द. ‘मासे सोडा.’

“अरे, याचा अर्थ काय होतो?” मी ओरडलो.

“दिपेश, लोकांना कळतं रे. शॉर्टमध्ये पाहिजे ना.”

लोकांना कळलं, पण भलतंच कळलं. कुणी घरच्या काचेच्या टाकीतले सोनेरी मासे आणून सोडले, कुणी कासव सोडलं. एकादशीला समोरच्या सोसायटीतल्या सुगंधाकाकू बाजारातून बादलीभर जिवंत मांगूर घेऊन आल्या. मांगूर म्हणजे मिशाळ, काळा, समोर येईल ते गिळणारा मासा. मी धावत पोचेपर्यंत बादली रिकामी झाली होती.

“काकू, काय केलंत हे? हे आमची सगळी पिल्लं खाऊन टाकतील!”

“जीवदान दिलं रे. बोर्ड वाचूनच आणले. लिहिलंय ना, मासे सोडा?”

मी तडक समितीत सांगितलं की जाळं लावून मांगूर काढा. चंद्रप्रकाश म्हणाला, वॉर्ड ऑफिसातून मॅडम बघायला येणार आहेत, त्या येऊन जाऊ देत. इथे गळ टाकणं चालू ठेवायचं की कारंजं बसवायचं, ते त्या ठरवणार होत्या.

कारंज्याचं नाव काढलं की मी धास्तावायचो, ते बाबांमुळे. माझे वडील लहू, मूळचे मालवणकडचे, गिरणीत आयुष्य गेलं. श्रावणातसुद्धा त्यांनी कधी मासे सोडले नाहीत. आई बिचारी वेगळी चूल मांडल्यासारखी वेगळी भांडी ठेवायची. ती गेली आणि बाबा चौदाव्या मजल्यावरून खाली उतरेनात. आम्ही समजावून थकलो, डॉक्टर थकले, बाबा ढिम्म. तळ्यावर गळ टाकता येतो असं कळलं आणि उतरले. दर रविवारी गळाला लावायला स्वतः कणकेत हळद-हिंग घालून गोळा मळायचे आणि टोपी घालून माझ्याआधी दाराशी उभे. “चल रे, गरवूक जावया,” म्हणायचे. तेवढ्या एका सकाळपुरते मला माझे जुने बाबा मिळायचे.

मॅडम आल्या त्या रविवारी कुणाच्याच गळाला काही लागेना. लागणार काय, डोंबल! मॅडम घड्याळ बघायला लागल्या, आणि तेवढ्यात बाबांचा दोरा ताठ झाला. त्यांनी सावकाश, खेळवत खेळवत बाहेर काढला तो हातभर लांब मांगूर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“अरे वा, केवढा मोठा!” मॅडम खूश झाल्या. “आणि आता सोडणार ना? तुमचा हा नियम मला फार आवडला. हिंसा नाही काही नाही.”

“सोडा काका, सोडा,” चंद्रप्रकाश लगेच पुढे झाला.

बाबांनी मासा घट्ट धरला. “ह्यो सोडूचो नाय. ह्येनाच सगळी पिल्लां खाल्ल्यान.”

“मॅडम, बाबा बरोबर सांगताहेत,” मी म्हणालो. “हा बाहेरच काढायला हवा. नियम फक्त लहान माशांचा आहे.”

मॅडमनी बोर्डाकडे पाहिलं. “पण इथे तर तसं लिहिलेलं नाही.”

चंद्रप्रकाशने माझा दंड दाबला. “कारंजं पाहिजे काय तुला?” तो कानाशी पुटपुटला.

नको होतं. कारंजं आलं असतं तर बाबा पुन्हा वर जाऊन बसले असते. मी म्हणालो, “बाबा, सोडा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चंद्रप्रकाशकडे नाही, मॅडमकडे नाही, माझ्याकडे. मग गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि मासा पाण्यात सोडला. पुन्हा टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं की कारंजं रद्द, गळ चालू राहील.

पुढच्या रविवारी कणीक मी मळली. हळद घातली, हिंग घातला, टोपी आणून बाबांच्या हातात दिली.

“चला, बाबा. तळं वाचलं ना आपलं.”

त्यांनी टोपी शेजारी ठेवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

“तू जा,” म्हणाले. “मी मासे सोडले.”