ओली चादर

मुकादमाला दुपारी धाप लागली. मुकादम म्हणजे इस्त्रीवाल्याचा चपट्या नाकाचा कुत्रा. दिवसभर उंबऱ्यात बसून गिऱ्हाइकांची हजेरी घ्यायचा, म्हणून हे नाव. लेक सासरी गेल्यापासून नवरा-बायकोचं निम्मं बोलणं त्याच्यामार्फतच चालायचं. "मुकादम, सांग त्यांना, जेवण वाढलंय." तो गेला तर घर मुकंच व्हायचं.

आज तो इस्त्रीच्या टेबलाखाली, वाफेत जाऊन झोपला होता. ध्यानात आलं तेव्हा घशातून करवत ओढल्यासारखा आवाज येत होता आणि जीभ जांभळी पडत चालली होती.

"अहो, अंग बघा, तव्यासारखं तापलंय."

इस्त्रीवाल्याचा उभा जन्म कापडावर ओलं फडकं टाकण्यात गेलेला. नाजूक असेल ते आधी ओल्याने झाकायचं, एवढं त्याच्या हाताला पक्कं ठाऊक. त्याने चादर भिजवली आणि कुत्र्याला मानेपासून शेपटीपर्यंत गुंडाळून कडासुद्धा नीट दुमडल्या.

"आता निवेल."

निवला नाही. करवत जोरात चालू लागली. बायकोने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"चादरीत? आधी काढा ती," बाई म्हणाल्या. "त्याच्याच अंगाने तापून आत वाफ धरली असेल."

चादर उलगडली तर खरंच ऊन लागत होती. इस्त्रीवाला तिच्याकडे बघतच राहिला.

"चादरीला काय बघताय? पुढचं ऐका," बायको खेकसली.

गळपट्टा काढा. साधं पाणी पोटावर, जांघांत, पंजांवर ओता. पंखा लावा. तोंडात पाणी घालू नका, छातीत उतरेल. आणि लगेच निघा. बायको ऐकत होती, सांगत होती, ओतत होती. माणूस हात रिकामे झाले की देवाला हाक मारतो. हिचे हात भरलेले होते, तरी ओठ हलत होते.

शेजारचा टेम्पोवाला गाडी दारात लावत होता, एवढ्यात करवत थांबली.

"बाई, आवाज बंद झाला."

"पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे, छातीवर हात ठेवा. ठोका लागतोय?"

"लागतोय. बारीक."

"कुशीवर घ्या, मान सरळ करा. घशात काही अडकलं नाही ना बघा, जीभ पुढे ओढा. तोंड मिटून नाकात फुंका. छाती उचलली की थांबा, परत फुंका."

इस्त्रीवाल्याने ते लाळेने भरलेलं थोबाड ओंजळीत धरलं आणि फुंकलं. छाती उचलली, बसली. टेम्पोत चढवतानाही त्याने तोंड काढलं नाही. फुंकायचा, थांबायचा, फुंकायचा. टेम्पोवाला काहीतरी विचारत होता. बायकोने हातानेच पुढचा रस्ता दाखवला.

दवाखान्याच्या वळणावर मुकादमाने एक आचका दिला आणि स्वतःहून हवा ओढली.

बाईंनी त्याला आत नेलं, नळी लावली. बऱ्याच वेळाने दार किलकिलं करून म्हणाल्या, "श्वास चाललाय. पण अजून भरवसा देत नाही हं मी."

बाकड्यावर इस्त्रीवाला भिंतीकडे बघत बसला होता. ओठांचा चंबू तसाच. फुंकत होता, थांबत होता, फुंकत होता.

बायकोने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"अहो, पुरे. आता त्याचा तो घेतोय."